शेवटचा शब्द कोणाचा?

एका खेड्यांतील उपदेशकानें आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्याच्या मंडळींतील एका बाईस क्षयाचा आजार जडला. सरकारी दवाखान्यांतून तिला गोळ्या मिळूं लागल्या, आणि त्या निदान सहा महिने एकही दिवस न चुकवितां घेतल्या पाहिजेत असें तिला बजावण्यांत आलें. दोन महिन्यांत खोकला कमी झाला व अंगांत बळ आलें. इतक्यांत बाहेरगांवचा एक प्रचारक तेथें सभा घेण्यास आला. त्यानें तिजसाठीं प्रार्थना केली आणि सर्वांसमक्ष सांगितलें कीं, रात्रीं प्रभूनें आपणांस दर्शन देऊन कळविलें आहे कीं ही बहीण बरी झाली. यापुढें तिनें गोळी घेतली तर तो अविश्वास होईल. बाईनें गोळ्या बंद केल्या. उपदेशकाच्या मनास हें पटेना. परंतु तो लिहितो, "मी सातवीपर्यंत शिकलेला. तो मोठा वक्ता आहे. त्याच्या सभांस हजारों लोक येतात, आणि मोबाइलवर त्याचीं भाषणें घरोघर ऐकतात. देव आपणांशीं बोलला असें तो म्हणतो. तेव्हां नाहीं म्हणणारा मी कोण?"

हा प्रश्न एका बाईचा किंवा एका गांवचा नाहीं. ख्रिस्ती मनुष्यानें काय मानावें व कसें वागावें याविषयीं वाद पडला म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, असा हा प्रश्न आहे. तो पाळकाचा कीं पंचांचा? भावकीचा कीं बहुमताचा? दर्शन पाहणाऱ्याचा कीं ज्याच्या त्याच्या मनाचा? पवित्र शास्त्राचा, असें उत्तर आपण सर्व जण तोंडानें देतों. पण तें उत्तर आपण कां देतों, व तें खरें मानल्यानें आपणांवर काय येऊन पडतें, याचा विचार थोडे जण करितात. तो आज करूं.

शेतकऱ्यास बांधाची गोष्ट सांगावयास नको. शेजारी एका रात्रींत शेत बळकावीत नाहीं. तो दरसाल नांगराचें एक तास अलीकडे घालतो आणि बांध कोरीत जातो. वीस वर्षांनीं त्याचा मुलगा शपथेवर सांगतो कीं, आमच्या वडिलांपासून वहिवाट येथवरच आहे. आणि तो खोटें बोलतो असेंही नाहीं, कारण त्यानें तेवढेंच पाहिलेलें असतें. अशा वेळीं गांवांतील सर्वांत वृद्ध मनुष्याची आठवण कामास येत नाहीं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा हक्क खरा असेंही कोणी म्हणत नाहीं. मोजणी मागवावी लागते. मोजणीदार नकाशा उघडतो, हद्दीचा दगड शोधतो, आणि दगड सांपडला म्हणजे बडा शेतकरी व विधवा या दोघांसही तोच मान्य करावा लागतो. नकाशा कोणाचें तोंड पाहून बोलत नाहीं. ख्रिस्ती मंडळींतही बांध असाच कोरला जातो. एकदम कोणी ख्रिस्तास नाकारीत नाहीं. दरसाल एक एक तास अलीकडे येतें. म्हणून मंडळीस हद्दीचा दगड पाहिजे, आणि शास्त्र हा तो दगड होय.

पौल व सीला बिरुया नगरास गेले तेव्हां तेथील लोकांनीं काय केलें तें प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत सांगितलें आहे. त्यांनीं वचन मोठ्या उत्सुकतेनें ऐकून घेतलें, आणि ह्या गोष्टी अशाच आहेत कीं काय हें पाहण्यास ते दररोज शास्त्रांत शोध करीत राहिले. लक्षांत घ्या कीं, उपदेश करणारा दुसरा तिसरा कोणी नसून पौल होता. दमास्काच्या वाटेवर ज्याला प्रभूनें स्वतः हांक मारली, त्याच्याएवढें दर्शन आज कोणास झालें आहे? तरी त्याचा उपदेश ताडून पाहणाऱ्यांस शास्त्र उद्धट म्हणत नाहीं. त्यांस अधिक थोर मनाचे म्हणतें. आणि तो स्वतः गलतीकरांस लिहितो कीं, आम्हीं किंवा स्वर्गांतील देवदूतानेंही निराळें शुभवर्तमान सांगितलें तरी तें घेऊं नका. 'आम्हीं' म्हणून त्यानें प्रथम स्वतःसच त्या मापाखालीं उभें केलें. जो उपदेशक आपणांस ताडून पाहूं देत नाहीं, तो पौलाहून थोर असला पाहिजे, नाहीं तर खोटा असला पाहिजे. आणि पौलाहून थोर असा तर आम्हांस कोणी आढळला नाहीं.

दुसरी गोष्ट पहिल्या राजांच्या तेराव्या अध्यायांतील आहे. यहूदांतून एक देवाचा माणूस बेथेलास आला. तेथें अन्न खाऊं नये, पाणी पिऊं नये व आल्या वाटेनें परत जाऊं नये अशी त्यास देवाची आज्ञा होती. राजानें घरीं बोलाविलें व बक्षीस देऊं केलें, तरी तो गेला नाहीं. मग बेथेलांतील एक म्हातारा संदेष्टा त्याच्या मागोमाग आला आणि म्हणाला कीं, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहें, व तुला परत आणून जेवूं घालावें असें देवदूतानें मला सांगितलें आहे. तें खोटें होतें. पण राजाच्या लोभास जो वश झाला नाहीं, तो देवदूताच्या नांवानें फसला. परत फिरला, जेवला, आणि वाटेंत सिंहानें त्यास मारलें. ही गोष्ट वाचतांना अंगावर कांटा येतो. त्या माणसाचा दोष काय? देवानें आपणांस स्पष्ट सांगितलेलें त्यानें दुसऱ्याच्या दर्शनाखातर सोडलें. पुढें त्या म्हाताऱ्यानें शोक केला, त्यास आपल्याच कबरेंत पुरलें. परंतु त्या शोकानें मेलेला उठला नाहीं. खोटें दर्शन सांगणारा मागाहून रडतोही, पण जीव जातो तो ऐकणाऱ्याचा.

आतां आमच्या उपदेशकाच्या प्रश्नाकडे येऊं. औषध घेणें हा अविश्वास होय, असें शास्त्र कोठें सांगतें? हिज्कीया राजा मरणास टेंकला असतां देवानें त्यास बरें करण्याचें वचन दिलें. तरी यशयानें अंजिरांचा लेप आणवून गळवावर बांधविला. वचन आधीं मिळालें होतें आणि लेपही लागला. पौलानें तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितलें. तुझा विश्वास कोठें गेला, असें विचारलें नाहीं. लूक वैद्य होता, आणि कलस्सैकरांस लिहितांना पौल त्यास प्रिय वैद्य म्हणतो. याकोब आपल्या पत्रांत वडिलांस बोलावून प्रार्थना करावयास सांगतो. पण वैद्यास हांकून द्या असें सांगत नाहीं. यास्तव देव बरें करितो हें शास्त्राचें म्हणणें आहे, आणि गोळी टाकून द्या हें त्या प्रचारकाचें म्हणणें आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र बांधून त्यानें आपल्या शब्दावर देवाची मोहर मारली.

यांत जिवाचा धोका आहे हेंही स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. क्षयाच्या औषधानें पहिल्या कांहीं आठवड्यांतच बरें वाटूं लागतें, परंतु रोगाचे जंतु शरीरांत दडून राहिलेले असतात. औषध मध्येंच सोडलें तर ते पुन्हा बळावतात. कित्येकदां त्याच औषधास दाद देईनासे होतात. आणि खोकल्यावाटे घरांतील लेंकरांसही लागतात. हें ज्ञान देवानें मनुष्यास दिलेल्या बुद्धीनें मिळालें आहे. त्याचा तिरस्कार करणें म्हणजे देवाची परीक्षा पाहणें होय.

येथें एक मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. शास्त्र हें शेवटचें प्रमाण आहे, असें आम्ही म्हणतों तेव्हां तें प्रत्येक विद्येचें पुस्तक आहे असें म्हणत नाहीं. कपाशीवर कोणती कीड पडली, विहीर कोठें खणावी, तापावर काय द्यावें हें त्यांत शोधूं नये. तें कशासाठीं आहे हें पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत सांगितलें आहे: ख्रिस्त येशूवरील विश्वासानें तारण पावण्याचें शहाणपण देण्यासाठीं, आणि शिकविण्यास, दोष दाखविण्यास, सुधारण्यास व नीतीचें शिक्षण देण्यासाठीं. देव कोण आहे, मनुष्य कोण आहे, ख्रिस्तानें आमच्याकरितां काय केलें व आम्ही कसें वागावें, ह्या गोष्टींत त्याच्यावर दुसरें न्यायासन नाहीं.

पण कोणी म्हणेल, "शास्त्रांतून वाटेल तें काढतां येतें. तो प्रचारकही वचनें सांगतोच." हें खरें आहे, आणि ह्यापेक्षांही भयंकर गोष्ट खरी आहे. रानांत सैतानानेंही प्रभूस वचन काढून दाखविलें, आणि तें स्तोत्रांतील खरें वचन होतें. प्रभूनें काय केलें? शास्त्र सोडून त्यानें दुसऱ्या कशाचा आधार घेतला नाहीं. असेंही लिहिलें आहे, असें म्हणून त्यानें दुसरें वचन पुढें ठेविलें. शास्त्राच्या एका तुकड्याचा दुरुपयोग झाला तर त्याचा उपाय शास्त्र कमी वाचणें हा नसून सगळें वाचणें हा होय. म्हणून नियम असा: अस्पष्ट वचनाचा अर्थ स्पष्ट वचनांवरून लावावा, एक ओळ वाचणाऱ्यानें मागचा व पुढचा अध्याय वाचावा, जुन्या करारास ख्रिस्ताच्या उजेडांत पहावें, एकट्यानें न वाचतां मंडळीबरोबर वाचावें, आणि जो अर्थ आपल्या फायद्याचा असेल त्याचा संशय प्रथम धरावा.

हा शेवटला नियम किती महत्त्वाचा आहे हें दक्षिण आफ्रिकेंतील एका मंडळीच्या इतिहासावरून दिसून येईल. केप प्रांतांतील डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सभेनें १८२९ सालीं ठरविलें होतें कीं, प्रभुभोजन सर्व सभासदांस रंगाचा वा कुळाचा भेद न करितां एकत्र द्यावें. परंतु गोऱ्या सभासदांपैकीं कित्येकांस काळ्या बंधूंबरोबर त्याच मेजाशीं बसणें रुचेना. १८५७ सालीं पुन्हा ठराव झाला. त्यांत नव्यानें विश्वासांत आलेल्यांस चालू मंडळींतच सामील करून घेणें इष्ट व शास्त्रास अनुसरून आहे असें प्रथम कबूल केलें, आणि मग कांहींच्या दुर्बलतेमुळें अडचण येत असेल तर वेगळ्या जागीं उपासना करण्यास परवानगी दिली. वाचकहो, त्या ठरावांत दोन पारडीं आहेत. एकांत शास्त्र आहे व दुसऱ्यांत कांहींची दुर्बलता आहे; आणि दुर्बलतेचें पारडें खालीं गेलें. बांधाचें पहिलें तास तें होतें. १८८१ सालीं काळ्या लोकांची मंडळीच निराळी करण्यांत आली. पुढें त्याच मंडळीचे पंडित शास्त्रांतूनच आधार काढूं लागले: बाबेल येथें देवानें भाषा वेगळ्या केल्या, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत राष्ट्रांच्या सीमा देवानें ठरविल्या असें आहे. त्याच वचनाच्या आरंभीं देवानें सर्व राष्ट्रें एकापासून निर्माण केलीं असें म्हटलें आहे, हें मात्र त्यांस दिसलें नाहीं. १९४८ नंतर सबंध देशाचे कायदे ह्या भेदावर उभे राहिले आणि लक्षावधि लोकांनीं त्याखालीं दुःख भोगलें.

ह्याचा निकाल कसा लागला तेंही पहावें. ज्यांस मेजापासून दूर केलें होतें, त्यांच्या हातांत शास्त्र राहिलेंच होतें. त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीनेंच १९८२ सालीं बेलहार येथें विश्वासाचा एक कबुलीजबाब तयार केला व १९८६ सालीं तो स्वीकारला. ख्रिस्तानें आपल्या वधस्तंभानें भेद मोडला असतां मंडळीनें तो पुन्हा बांधूं नये, असें त्यांनीं शास्त्राच्या आधारानें जगापुढें मांडलें. १९८२ सालींच ओटावा येथें जगांतील रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या संघानें त्या भेदास पाप, व शास्त्राच्या नांवानें त्याचें समर्थन करणें यास पाखंड ठरविलें. १९९० सालीं रुस्टेनबर्ग येथील परिषदेंत गोऱ्या मंडळींतील एका प्राध्यापकानें त्या पापाची उघड कबुली दिली. सारांश, शास्त्राचा दुरुपयोग झाला हें खरें. पण तो दुरुपयोग उघडा पाडणारें मापही शास्त्रच होतें. बांध कोरला गेला, तरी दगड जागचा हलला नव्हता.

ही दूरदेशची गोष्ट म्हणून आपण निश्चिंत बसूं नये. आपल्या देशांतही कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांस १८३३ सालीं दक्षिणेंतील मंडळ्यांस लिहावें लागलें कीं, मंडळींत जातिभेद ठेवूं नये. कारण तेथें प्रभुभोजनाच्या वेळींही पूर्वीची जात पाहिली जात असे. आणि आज आपल्या घरीं काय आहे? उपासनेंत आपण एका बापाचीं लेंकरें म्हणवितों. पण मुलीचें लग्न ठरवितांना पहिला प्रश्न कोणता विचारतों? पलीकडच्या वाडींतून आलेल्या ख्रिस्ती पाहुण्यास पाणी देतांना कोणता पेला काढतों? अंत्युखियास पेत्र जेवणाच्या पंक्तींतून मागें सरला तेव्हां पौलानें त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. पेत्र हा प्रेषितांत अग्रगण्य होता, तरी त्याची चाल प्रमाण ठरली नाहीं. मग आमची भावकी कशी प्रमाण ठरेल? खोट्या दर्शनाविरुद्ध शास्त्र उघडणें सोपें आहे. आपल्या रीतीविरुद्ध तें उघडतां येतें कीं नाहीं, यावरून आपण त्यास शेवटचा शब्द देतों कीं नाहीं हें ठरतें.

आणखी एक आक्षेप प्रामाणिक शेजारी घेतो. तो म्हणतो, "तुमचें पुस्तक खरें आहे हें कशावरून? पुस्तकच सांगतें म्हणून. हा तर फेरा झाला." यास उत्तर असें. जें शेवटचें माप आहे तें त्याहून वरच्या मापानें सिद्ध करून दाखविलें, तर तें वरचें मापच शेवटचें ठरेल. बुद्धीसच शेवटचें प्रमाण मानणाराही बुद्धीचा खरेपणा बुद्धीनेंच दाखवितो. शेवटचें प्रमाण त्याच्या कार्यावरून ओळखावें लागतें. मनुष्यानें स्वतःच्या मोठेपणासाठीं केलेल्या पुस्तकांत दाविदाचें पाप, पेत्राचें नाकारणें व शिष्यांचें पळून जाणें इतक्या उघडपणें कोण लिहून ठेवील? हें पुस्तक आपल्याच माणसांस दोषी ठरवितें, आणि वाचणाऱ्यासही सोडीत नाहीं. शिवाय आम्ही कागदावर विश्वास ठेवीत नाहीं. प्रभूनें यहूदी पंडितांस सांगितलें कीं, तुम्ही शास्त्र शोधितां, तें माझ्याविषयीं साक्ष देतें, पण तुम्ही मजकडे येत नाहीं. शास्त्राचा अधिकार हा त्यांतून बोलणाऱ्या ख्रिस्ताचा अधिकार होय. शोमरोनी बाईच्या गांवचे लोक प्रथम तिच्या शब्दावरून आले. मग त्यांनीं स्वतः ऐकलें, आणि आतां तुझ्या सांगण्यावरून नव्हे असें तिला म्हणाले. आपणही कोणा उपदेशकाच्या, आईच्या किंवा आजीच्या शब्दावरून आलों. त्यांचे उपकार आहेत. पण विहिरीपर्यंत आणणाऱ्याचें काम विहीर दाखविणें हें आहे.

ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं काय करावें? त्यांच्यासाठींच किती जणांनीं आयुष्य वेंचलें! मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यांत १८११ सालीं छापला गेला. पुढें पंडिता रमाबाई यांनीं इब्री व हेल्लेणी भाषा शिकून, साध्या बायांस समजेल अशा मराठींत सगळें पवित्र शास्त्र उतरविण्यास अनेक वर्षें दिलीं. त्या १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या, आणि त्यांचें भाषांतर १९२४ सालीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत छापून निघालें. जी संस्कृताची पंडिता होती, तिनें आपली विद्या खेड्यांतील बाईच्या पायाशीं आणून ठेविली. कारण शेवटचा शब्द शास्त्राचा असेल तर तो प्रत्येकाच्या कानीं पडलाच पाहिजे. आज ज्या मोबाइलवर त्या प्रचारकाचें भाषण ऐकूं येतें, त्यावरच शास्त्रवाचनही ऐकतां येतें. घरांतील शाळकरी मुलीनें रोज सायंकाळीं एक अध्याय मोठ्यानें वाचला, तरी त्या घरास फसविणें कठीण जाईल.

योशीया राजाच्या काळीं नियमशास्त्राचें पुस्तक हरवलें होतें. तें हरवलें कोठें? शत्रूच्या देशांत नव्हे, तर देवाच्या मंदिरांतच. याजक होते व सण होते, पण पुस्तक उघडलें जात नव्हतें. हिल्कीयास तें सांपडलें, शाफानानें तें वाचून दाखविलें, आणि राजानें आपलीं वस्त्रें फाडलीं. आपल्या मंडळ्यांतही शास्त्र हरवतें तें असेंच, मेजावर भरजरी कापडांत गुंडाळलेलें असतांना.

तर प्रिय बंधू, नाहीं म्हणणारा मी कोण, असें आपण विचारतां. आपण सातवी शिकलेले आहां, आणि बिरुयाच्या लोकांची इयत्ता तर लिहिलेलीच नाहीं. आपल्या शब्दानें नाहीं म्हणूं नका. शास्त्र उघडा आणि त्यास बोलूं द्या. आजच त्या बहिणीच्या घरीं जा. यशयाचा लेप, तीमथ्याचें पोट व लूक वैद्य हीं स्थळें तिला वाचून दाखवा. तिला दोष देऊं नका; तिनें देवावर विश्वास ठेवावा म्हणूनच गोळ्या सोडल्या, फसविणारा निराळा होता. तिजबरोबर गुडघे टेका आणि उद्यां सकाळीं स्वतः तिला दवाखान्यांत घेऊन जा; गोळ्या किती दिवस बंद होत्या तें डॉक्टरांस खरें सांगा. आणि परत आल्यावर, त्याच शास्त्रासमोर आपणही बसा, आम्हीही बसतों, आणि आपल्या स्वतःच्या बांधाकडे पाहूं. देवाच्या वचनाचा दिवा आपल्या पायांपुढें लागो, आणि तो जेथें नेईल तेथें जाण्याचें धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो.